कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा

उद्यमनगरात, बंद पडलेल्या फाउंड्रीच्या कोअर-खोलीत
आता अठ्ठावीस काचपेट्या आहेत.
चपला बाहेर, आत रबरी बूट,
बुटांसकट पाय औषधाच्या पाण्यात.
बाहेरची बुरशी आत नको, असं मगदूमबाई सांगतात.
वजूला लागत नाही एवढं पाणी इथं लागतंय, मी म्हणालो.
त्या हसल्या,
आणि पुन्हा एकदा बुडवायला लावले.

चौतीस वर्षं मी पॅटर्न केले.
सागवानात पंपाचं पोट कोरायचं, रेतीत दाबायचं,
मग त्या पोकळीत लाल लोखंड.
पॅटर्न चिमूटभर मोठाच करायचा.
लोखंड निवताना आकसतं,
तेवढं आधीच सोडून ठेवायचं.
त्या आकसाची वेगळी फूटपट्टी असते, अजून घरी आहे.
इथं कुठली लावू?

जीव तरी केवढा, शर्टाच्या गुंडीएवढा.
पाठीवर कुणी हळदीचं बोट ओढल्यासारखा पट्टा.
येळवणीच्या सड्यावरून नऊ आणले होते.
दहावा नंतर कुणाला दिसला नाही.
नवाचे दोनशे अकरा झाले
आणि एकेकाची वहीत नोंद:
कोण कुणाचा, कुणाला कुणाशेजारी सोडायचं नाही.
आमच्या गल्लीत सोयरीक जमवताना
एवढी भावकी कुणी तपासत नाही.
सतरा नंबरनं तीन स्थळं परतवली.
बाई वैतागल्या.
मला मात्र बरं वाटलं,
अजून काहीतरी तिचं तिच्याकडं आहे.

सडक्या केळ्यांवर मी चिलटं वाढवतो.
बायको म्हणते, अंगाचा लोखंडी वास गेला तुमच्या,
आता केळीवाल्याशी नांदतेय.

पाऊसही मीच पाडतो.
भोकं पाडलेला पाइप, टायमर, पहाटे चार ते सहा.
मग नर बोलतात,
कंगव्यावरून नख ओढावं तसं.
पण कॉम्प्रेसर चालू असताना एकही नाही.
तो अकरा मिनिटं घुमतो, चार मिनिटं गप्प बसतो.
त्या चार मिनिटांत सगळे एकदम.
हे आधी माझ्या कानावर आलं.
बाईंनी वहीत लिहिलं, निरीक्षण: मुल्लाणी.
चौतीस वर्षांत एकाही कास्टिंगवर माझं नाव आलं नव्हतं.

गणपती आठवड्यावर आलेले.
साठ जणांना डब्यांत घालून गगनबावड्याच्या रस्त्याला लागलो.
पुढच्या सीटवर मी, मांडीवर चार डबे,
वळणावळणाला श्वास धरून,
ओतायला निघालेली कढई असावी तसा.

सड्यावर धुकं, जांभ्याच्या खळग्यांत पाणी,
सीतेची आसवं निळी निळी पसरलेली.
झाकणं उघडली.
काही निघाले. बरेच
डब्याच्या कोपऱ्यात अंग चोरून बसले.
काचेला कोपरा असतो. सड्याला कुठला?
मग एकेकाला बोटानं ढकललं,
शाळेच्या पहिल्या दिवशी पोराला ढकलतात तसं, तोंड फिरवून.

रात्रभर बसलो.
पाऊस होता, टायमरशिवायचा.
पाणी होतं, दगड होता, आज्याचा गाव होता.
कुणी बोललं नाही.
एवढी मोठी शांतता त्यांनी ऐकलीच नव्हती,
तिच्यात बोलायची जागा कुठं सुरू होते
कसं कळावं?
मी तोंडानं घुंऽऽ केलं, जमेल तेवढा वेळ,
आणि थांबलो.
बाईंनी टॉर्च माझ्यावर धरला. मग विझवला.
काही झालं नाही.

पहाटे खाणीचा डंपर आला,
बॉक्साईट भरून, पहिल्या गिअरात.
पायाखालचा जांभा थरथरला, खळग्यातलं पाणी शहारलं.
वळणापलीकडं गेला. आवाज बारीक होत होत
विरला.

आणि तिथंच, त्या फटीत,
कुणीतरी कंगव्यावरून नख ओढलं.

बाईंनी घड्याळ बघितलं, वही उघडली,
पेन तसंच धरून राहिल्या.
मी मनात आकस मोजत होतो.
एकदाच बोलला तो.

दुसरा डंपर यायला
अजून बराच अवकाश होता.